‘वगैरे’ म्हणणारा पांडुरंग

‘कोसला’ पुन्हा वाचताना या वेळी मी एकाच शब्दाखाली रेघा ओढत गेलो: ‘वगैरे’. १९६३ साली आलेल्या या कादंबरीत भालचंद्र नेमाडे पांडुरंग सांगवीकरचा स्वभाव बाहेरून सांगत बसत नाहीत. तोच बोलतो, आणि बोलताना सारखा ‘वगैरे’ जोडतो. एखादे विधान करायचे आणि लगेच त्याचे वजन काढून घ्यायचे. कुणी हसण्याआधी आपणच हसून मोकळे व्हायचे. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात आलेल्या मुलाचे हे चिलखतच मला वाटते. (पुढे त्याची फॅशन झाली, हा दोष पांडुरंगचा नव्हे.) धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तिथे मात्र हे चिलखत पुरत नाही. इतकी थट्टा करणारा हा माणूस किती हळवा आहे, ते लेखकाने न सांगताच आपल्याला कळते.

हरिभाऊ आपट्यांची रीत निराळी. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू आपली हकीकत बालपणापासून सांगते. तिच्या नजरेला दिसतो तो वडिलांचा दरारा. आईचा स्वभाव आपल्याला कळतो तो त्या दराऱ्यापुढच्या तिच्या गप्प राहण्यातून.