आटपाट: निर्मात्याच्या खुर्चीत गावकुसाबाहेरचा माणूस

‘फँड्री’त डुकरामागे धावणारं जब्याचं कुटुंब एकाएकी थबकतं. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं. हाताशी आलेलं डुक्कर समोरून निसटतं आणि कैकाडी घरातली ही माणसं सावधान उभी राहतात. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून खांद्यावरून नेलं जातं, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाई असतात. कोणी चकार शब्द काढत नाही. कथेतलं गाव आहे नगरजवळचं अकोळनेर. सिनेमा तयार झाला २०१३ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर बरोबर शंभर वर्षांनी.

दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. जन्म वडार समाजातला. करमाळ्याची हद्द नगरच्या कर्जत-जामखेडला लागून आहे. पुण्यात मराठीचं पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकायला आले. तिथल्या काळातच शाळेची ओढ लागलेल्या मुलावरचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट झाला आणि त्याला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा सन्मान मिळाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाचं हे श्रेय मला फार मोठं वाटतं. सिनेमा शिकायला मुंबईत ओळख लागते, हा समज तिथे मोडला.

बाहेरच्या माणसाने स्वतःचा सिनेमा स्वतः काढणं अमेरिकेत ऑस्कर मिशो यांनी शंभर वर्षांपूर्वी केलं. दारोदार फिरून स्वतःच्या कादंबऱ्या विकणाऱ्या या कृष्णवर्णीय लेखकाने स्वतःची कंपनी काढली आणि १९१९ मध्ये ‘द होमस्टेडर’ पडद्यावर आणला. तिथे थिएटरंसुद्धा रंगानुसार वेगळी होती. आपल्याकडे कुठल्याही स्टुडिओच्या दारावर तशी पाटी नव्हती. तरीही दलित-भटक्यांची माणसं पडद्यावर आली ती बहुतेकदा दुसऱ्यांनी लिहिलेली आणि दुसऱ्यांनीच रंगवलेली.

म्हणून मंजुळ्यांच्या स्वतःच्या ‘आटपाट प्रॉडक्शन’ या निर्मितीसंस्थेचं महत्त्व. ‘फँड्री’ला पैसा इतरांचा होता. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या ‘सैराट’ला मात्र झी स्टुडिओजच्या बरोबरीने ‘आटपाट’चं नाव निर्माता म्हणून लागलं. सुमारे चार कोटींत झालेला हा सिनेमा शंभर कोटींची कमाई ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. अजय-अतुलच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला, आणि पडद्यावर होती अकलूजची रिंकू राजगुरू, स्वतःच्या बोलीत ठणकावून बोलणारी. तिचं बोलणं कोणी ‘शुद्ध’ करून घेतलं नाही. ‘पिस्तुल्या’तला सूरज पवार ‘फँड्री’त पिऱ्या झाला आणि ‘सैराट’मध्ये प्रिन्स. निर्मात्याची खुर्ची आपली असली की चेहरा, भाषा आणि शेवट आपण ठरवतो.

शेवटाबद्दल तर बोलायलाच हवं. ‘सैराट’च्या अखेरीस संगीत थांबतं, लहान मूल रक्तात पाय भरवून दाराबाहेर येतं आणि प्रेक्षक तसाच बसून राहतो. गोड शेवट केला असता तर गल्ला कदाचित आणखी भरला असता. पण नगर जिल्ह्यात हा विषय कल्पनेतला नव्हता. ‘फँड्री’ चित्रपटगृहांत प्रदर्शित होऊन अडीच महिने होतात न होतात तोच, २८ एप्रिल २०१४ ला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून तो झाल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने का येतो, हे त्या वर्षी नगरमध्ये कोणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

यश मिळाल्यावर ‘आटपाट’ने दार इतरांसाठीही उघडलं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. ‘सैराट’चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी २०१८ मध्ये ‘नाळ’ दिग्दर्शित केला आणि त्यालाही पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘घर बंदूक बिरयानी’चं दिग्दर्शन हेमंत अवताडे यांनी केलं. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये मंजुळ्यांनी अमिताभ बच्चन यांना नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांसोबत आंबेडकर जयंतीत उभं केलं. हिंदी सिनेमाच्या सर्वांत मोठ्या नटाने बाबासाहेबांच्या प्रतिमेला हात जोडावेत, यासाठी मुंबईच्या पडद्याला एवढी वर्षं थांबावं लागलं.

एक अडचण मात्र उरते. मिशो आपल्या सिनेमांची रिळं स्वतः घेऊन गावोगाव फिरत. ‘आटपाट’ला पडदे मिळवण्यासाठी मोठ्या कंपन्यांचा हात धरावा लागतो. वितरणही स्वतःच्या हाती येईल, तेव्हा जेऊर-करमाळ्याच्या पुढच्या पोराला ‘सैराट’एवढ्या यशाची वाट न पाहता पहिला सिनेमा दाखवता येईल.