कुटुंबाची गडभेट : एका सकाळचा परिसर-पाठ

सातारा शहराच्या दक्षिणेस अजिंक्यतारा उभा आहे. शहरातील व जवळपासच्या खेड्यांतील मुले तो रोज पाहतात. तरीही ‘खोरे म्हणजे काय?’ या प्रश्नास त्यांपैकी पुष्कळ मुले ‘नदीच्या दोन्ही बाजूंचा सखल प्रदेश’ असे पाठ केलेले उत्तर देतात आणि ‘मग आपण कोणत्या खोऱ्यात राहतो?’ असे विचारताच गप्प बसतात. शब्द मुखोद्गत झाला. वस्तू मात्र डोळ्यांपुढे आली नाही. हा दोष केवळ वर्गात बसून पुरता निघत नाही. तो घालविण्याचा एक साधा व जवळजवळ बिनखर्ची उपाय म्हणजे कुटुंबाने मिळून सकाळच्या वेळी केलेली गडाची चढण होय. शिक्षकांनी ती पालकांस कशी समजावून द्यावी, याचा विचार येथे केला आहे.

कुटुंबच का?

शालेय सहलीचे महत्त्व आहेच. परंतु तीत चाळीस मुलांमागे दोन-तीन शिक्षक असतात व त्यांचे बरेचसे लक्ष मुले मोजण्यात जाते. कुटुंबात प्रत्येक मुलाजवळ एक मोठे माणूस असते आणि मुलाचा प्रश्न वाऱ्यावर जात नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. अल्पशिक्षित पालक शाळेत आले म्हणजे दाराशीच उभे राहतात. मुलाने अभ्यासातले काही विचारले, तर ‘मला काय कळतंय, गुरुजींना विचार’ असे सांगून मोकळे होतात. हळूहळू मुलासही वाटू लागते की आपल्या आईवडिलांस काही येत नाही. ही समजूत मुलाच्या व घराच्या नात्यास घातक आहे, आणि ती खरीही नाही. गडाच्या वाटेवर पाटी उलटी होते. शेळ्या राखलेल्या आजीस कोणता पाला जनावरास चालतो व कोणता चालत नाही, हे ठाऊक असते. गवंडीकाम करणारे वडील बुरुजाचा दगड पाहून तो कसा फोडला व घडविला असेल, हे हात लावून दाखवू शकतात. मुलापुढे आपलेही ज्ञान आहे, हे त्या पालकास त्या सकाळी प्रथमच जाणवते.

निघण्यापूर्वी

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात व उन्हाळ्यात नऊनंतर ऊन सोसत नाही. या डोंगराच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. म्हणून अंधारात न निघता चांगले उजाडल्यावर निघावे व लहान मुलांस पुढे एकटे धावू देऊ नये. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, पायांत घट्ट बसणारे जोडे, भाकरी-चटणी किंवा गूळ-शेंगदाणे एवढी तयारी पुरे. गडापर्यंत मोटारीचा रस्ता झालेला आहे; परंतु वाहनाने वर गेल्यास या पाठाचा अर्धा भाग बुडाला, असे समजावे.

चढताना

सर्वांत लहान मुलाची चाल तीच कुटुंबाची चाल, हा पहिला नियम. निघताना मुलाने मनगटावर बोट ठेवून एका मिनिटात नाडीचे ठोके किती पडतात, ते मोजावे. अर्ध्या वाटेवर थांबताच पुन्हा मोजावे. ठोके वाढलेले आढळतील. स्नायूंस अधिक प्राणवायू लागतो, तो पोचविण्यासाठी हृदय जलद चालते, ही गोष्ट मग वेगळी शिकवावी लागत नाही.

डोंगराची घडण पाहण्याजोगी आहे. कोठे उभा कडा, कोठे उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडून पसरला व निवाला. त्याचे थर एकावर एक बसून दख्खनचे पठार झाले. जे थर कठीण ते कड्याच्या रूपाने उरले. जे ठिसूळ ते झिजून उतार झाले. भाकरींची चवड दाखवून आईने ही गोष्ट सांगितली, तर लहान मुलासही ती कळते.

वाटेवर घाणेरीची झुडुपे दिसली तर मुलांस तीही दाखवावीत. तिला कोणी टणटणी म्हणतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. शोभेसाठी आपल्या देशात आणली गेली आणि मग रानोमाळ माजली. आपली करवंदाची जाळी व ही परकी झुडुपे यांतील भेद आजी-आजोबांकडून समजून घेणे, हा उत्तम वनस्पतिपाठ होईल.

माथ्यावर

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर आहे. माथ्यावर आल्यावर प्रथम दिशा ठरवाव्यात. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोर पूर्वेस जरंडेश्वराचा डोंगर, पाठीमागे पश्चिमेस यवतेश्वर, डाव्या हातास सातारा शहर. नैर्ऋत्येस सज्जनगड दिसतो. नकाशावरील दिशा कागदाच्या कडा असतात. येथे त्या डोंगर होतात.

नंतर पाण्याचा विचार करावा. पश्चिमेकडून येणारी ही डोंगररांग दोन खोऱ्यांमधली भिंत आहे. उत्तरेस वेण्णेचे खोरे, दक्षिणेस उरमोडीचे. वेण्णा शहराच्या पूर्वेस माहुली येथे कृष्णेस मिळते. उरमोडीही पुढे कृष्णेलाच मिळते. मुलास विचारावे : अरबी समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, मग या डोंगरावरचा पाऊस त्या समुद्रास का मिळत नाही? मुलाने पश्चिमेकडे पाहावे. तिकडे सह्याद्रीची उंच धार आडवी आहे व पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. म्हणून हे पाणी कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. ‘जलविभाजक’ हा अवघड शब्द या ठिकाणी सोपा होतो.

हिवाळ्यात पुष्कळदा खाली खोऱ्यात धुके व वर स्वच्छ ऊन असते. एरवी उंचीबरोबर थंडी वाढते. परंतु निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि खोऱ्यात साचते; तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. सूर्य वर येताच धुके विरते व गावे एकेक करून उघडी पडतात. हे दृश्य शांतपणे पाहू द्यावे. त्या वेळी प्रश्न विचारू नयेत.

इतिहास थोडक्यात व नेमका सांगावा. हा किल्ला १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. १७०० मध्ये औरंगजेबाने दीर्घ वेढ्यानंतर तो जिंकून त्यास ‘आझमतारा’ नाव दिले. पुढे ताराराणींच्या काळात मराठ्यांनी तो परत मिळविला व तो ‘अजिंक्यतारा’ झाला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक सातारा येथे झाला.

तटाच्या कडेवर चढणे, तळ्यांत उतरणे, दगडांच्या फटींत हात घालणे, मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ धूर वा गोंगाट करणे व माकडांस खाऊ देणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. नेलेला कागद-प्लास्टिकचा कचरा परत आणावा.

सोमवारी वर्गात

‘मी पाहिलेला किल्ला’ हा ठराविक निबंध लिहवून घेऊ नये. मुलाने तीन गोष्टी लिहाव्यात : काय पाहिले, ते कोणी सांगितले, आणि कोणता प्रश्न उरला. यांतील दुसरी गोष्ट गाळू नये. ‘हे मला आजीने सांगितले’ असे वहीत लिहिले गेले व गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखविले, म्हणजे त्या घराचे ज्ञान शाळेने मान्य केले, असा त्याचा अर्थ होतो.

ही भेट सक्तीची करू नये. रोजंदारीवर किंवा ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांस रविवारही मोकळा नसतो. अशा मुलांस शेजारच्या कुटुंबाबरोबर जाता येईल, अशी योजना शिक्षकांनी आधीच करावी; कोणाचीही वही कोरी राहिल्याबद्दल बोल लावू नये. ज्या गावास गड नाही, तेथे जवळची टेकडी किंवा माळाचा उंचवटा पुरेसा आहे. तेथूनही ओढा कोठून येतो व कोठे जातो, हे दिसते; आणि ते सांगणारे माणूस बहुधा त्याच घरात असते.