ग्लूटेनरहित बिस्किटें : पाकिटाचा उतारा कसा वाचावा

आमचें सारें आयुष्य महसुली दप्तरांत उतारे लिहिण्यांत व तपासण्यांत गेलें. त्या नोकरींत एक गोष्ट अंगवळणी पडली ती ही कीं, जमिनीच्या एकूण क्षेत्राच्या आंकड्यावर भुलूं नये. पोटखराबा किती लिहिला आहे तें आधीं पाहावें. सेवानिवृत्तीनंतर हीच संवय बिस्किटांच्या पाकिटावर चालवावी लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

प्रसंग असा घडला. आमच्या थोरल्या बंधूंची नात आठ वर्षांची. पोट फुगणें, जुलाब होणें, वजन न वाढणें असें दोन वर्षें चाललें होतें. कोणी जंत म्हटलें, कोणी दृष्ट म्हटली. अखेर रक्ताची व आंतड्याची तपासणी होऊन सिलिअ‍ॅक नांवाचा विकार निघाला. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्याखालीं धुवीत राहिलें असतां पिष्ट निघून जातें व रबरासारखा चिवट लगदा हातांत उरतो. तेंच बहुतांशीं ग्लूटेन. गहूं, जव व राय हें विलायती धान्य यांत तें असतें. या विकारांत ग्लूटेन पोटांत गेलें कीं लहान आंतड्याच्या आंतील मखमलीसारखे अंकुर झडतात आणि खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. विल्लेम डिके या डच बालवैद्यांनीं १९५० सालीं आपल्या प्रबंधांत गव्हाचा हा दोष मांडला. त्यांचा संशय जुनाच होता. महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यांत हॉलंडांत पाव मिळेनासा झाला, तेव्हां तो दृढ झाला. यावर आजही पथ्य हेंच औषध आहे, आणि तें जन्मभराचें आहे.

आम्ही भेटीस गेलों तेव्हां कोठीच्या खोलींत मालदांडी ज्वारीचीं पोतीं आढ्यापर्यंत लागलेलीं होतीं, आणि पोर ओट्याशीं बसून शहरांतून आणलेलीं ज्वारीचीं बिस्किटें खात होती. पाकिटावर टपोरें कणीस छापलेलें. आम्हीं विचारलें, "सूनबाई, घरची भाकरी कां नाहीं?" ती म्हणाली, "काका, गिरणींतलें पीठ चालणार नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें. दूधही थोडे दिवस बंद आहे. यांत ग्लूटेन नाहीं, दूधही नाहीं, असें छापलें आहे ना!" तिचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु चार महिने मुलीची न्याहारी व मधलें खाणें याच पाकिटांवर चाललें होतें, आणि दुसऱ्या तपासणींत तिच्या रक्तांतील लोह कमीच निघालें होतें.

आम्हीं चष्मा लावून पाकीट हातीं घेतलें. दर्शनी भागावरील दोन्ही शिक्के काय नाहीं तें सांगतात. ग्लूटेनरहित म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणें किलोमागें २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन नाहीं. व्हीगन म्हणजे दूध, तूप, मध, अंडें असें प्राणिजन्य कांहींच नाहीं; त्यासंबंधीं २०२२ सालीं स्वतंत्र नियम झाले. आंत आहे काय, हें मात्र मागील बाजूस बारीक अक्षरांत असतें. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें द्यावी असा नियम आहे. पहिलीं तीन-चार नांवें वाचलीं कीं बिस्किटाची जात कळते. अशा पुष्कळ पाकिटांत तांदुळाचें पीठ, मक्याचें अथवा साबुदाण्याच्या कंदाचें पिष्ट, साखर व पामतेल हीं वरच्या ओळींत बसतात. ज्वारीनाचणी मागाहून येतात. ज्या जिन्नसाचें नांव वा चित्र मिरविलें असेल त्याचें शेंकडा प्रमाण छापावें लागतें, तें अवश्य शोधावें. गव्हाचा चिकटपणा नसल्यामुळें बिस्किट भुगा होऊं नये म्हणून डिंकही घालतात. त्यांतला एक आपल्या गवारीच्याच बियांचा असतो.

आतां हा फरक आंकड्यांत पाहूं. १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें व तितकाच तंतुमय चोथा असतो. सडलेल्या तांदुळांत प्रथिनें ८ ग्रॅमच्या आंतबाहेर, चोथा ३ ग्रॅमहून कमी. निव्वळ पिष्टांत दोन्ही नांवापुरतीं. लोणी काढलें त्या जागीं बहुधा पामतेल येतें. त्यांतील निम्मे मेद संपृक्त जातीचे, आणि खोबरेल असलें तर फारच अधिक. वर "कोलेस्टेरॉल शून्य" अशी फुशारकी असते; पण वनस्पतींत तें मुळांत नसण्यासारखेंच! गूळ घातला म्हणूनही हुरळूं नये, तो बहुतांशीं साखरच.

हिशेबासाठीं असें धरूं कीं १०० ग्रॅम बिस्किटांत ६८ ग्रॅम पिष्ट व साखर मिळून, २२ ग्रॅम स्निग्ध आणि ५ ग्रॅम प्रथिनें आहेत. स्निग्धाच्या ग्रॅमला ९ व इतर दोहोंच्या ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या म्हणजे बेरीज ४९० होते. मुलानें चार बिस्किटें, म्हणजे ४० ग्रॅम, खाल्लीं तर १९६ कॅलरी पोटांत गेल्या, भूक मेली, प्रथिनें मिळालीं अवघीं २ ग्रॅम. तेवढ्याच ४० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत कॅलरी सुमारें १३४, प्रथिनें ४ ग्रॅम, चोथा ४ ग्रॅम, आणि स्निग्ध एक ग्रॅमही नाहीं. नाचणी घ्यावी तर १०० ग्रॅमला ३६० मिलिग्रॅमवर कॅल्शियम. ज्या मुलाचें आंतडें आधींच पोषण सोडून बसलें होतें, त्याला भरून काढावयाचें तें हें. शिवाय व्हीगन खाण्यांत बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घातल्यावांचून येत नाहीं.

तरी डॉक्टरांचें म्हणणें चूक होतें असें नव्हे. गव्हाच्या पिठांत ढोबळ मानानें शेंकडा ८ भाग ग्लूटेन धरलें, तर पाव ग्रॅम पीठ एक किलो ज्वारीच्या पिठांत मिसळतांच २० मिलिग्रॅमची मर्यादा भरते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटही नव्हे! गिरणीच्या दगडांत व कापडी नळींत याहून कितीतरी अधिक बसलेलें असतें. गहूं व ज्वारी दोन्ही रब्बीचीं; मळणीयंत्र एक, पोतीं एक, कोठी एक. बंधूंच्या घरीं गव्हाच्याच रिकाम्या पोत्यांत ज्वारी भरली होती. स्वयंपाकघरांत पाहिलें तर हिंगाच्या डबीवर गव्हाचें पीठ स्पष्ट लिहिलेलें. बाजारी हिंगांत तें पुष्कळदां असतें, आणि रोजच्या फोडणींतून तें पोरीच्या पोटांत जात होतें.

मग घरांत चर्चा झाली. पुतण्यानें नवी घरघंटी आणली. तींत गहूं एकदांही दळावयाचा नाहीं असें ठरलें. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून दळतात. तवा, परात व काटवट वेगळी ठेविली. हिंग तांदुळाच्या पिठाचा शोधून आणला. डॉक्टरांस विचारून दूध हळूहळू सुरू केलें. तें तिला सोसूं लागलें, तेव्हां व्हीगन शिक्क्याचें प्रयोजनही उरलें नाहीं. जे लोक तत्त्वानें दूध सोडतात त्यांची गोष्ट निराळी. त्यांनीं डाळी, तीळ व शेंगदाणे यांची जोड द्यावी, आणि बी-१२ साठीं वैद्यास विचारावें.

बिस्किटें घरांतून हद्दपार झालीं नाहींत. सहलीस, लग्नकार्यास, जेथें परक्या हातचें खावें लागतें, तेथें पाकिटाचा भरंवसा मोठा आहे, आणि मुलीला इतर मुलांबरोबर डबा उघडतां येतो हेंही कांहीं थोडें नाहीं. घेतांना सूनबाई आतां मागची बाजू आधीं वाचते. यंदाच्या सुगींत पुतण्यानें ज्वारीसाठीं नवीं पोतीं घेऊन त्यांवर तांबड्या रंगानें खूण केली आहे, आणि मळणीयंत्र आपल्या खळ्यावर आलें कीं तें आधीं झाडून, पहिलीं दोन पायलीं ज्वारी बाजूस काढून गुरांस घालतो.