द्रोणागिरीला लोकलने

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरणच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि खारकोपरपर्यंत येऊन २०१८ पासून थांबलेली लोकल उरणपर्यंत धावू लागली. गाजावाजा झाला तो पुलाचा. लोक गाड्या घेऊन पूल बघायला आले, मध्येच थांबून सेल्फी काढू लागले आणि पोलिसांना दंडाच्या पावत्या फाडाव्या लागल्या. रेल्वेचं कौतुक मात्र रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनाच. पण डोंगरात जाणाऱ्या माणसाने कोणत्या उद्घाटनाकडे बघायचं, हा प्रश्न द्रोणागिरीच्या पायथ्याशी जितका उघडपणे समोर येतो तितका सह्याद्रीत फार ठिकाणी येत नसेल.

द्रोणागिरी हा काही अवघड किल्ला नव्हे. उरण गावातून करंजा रस्त्याला लागायचं, डाऊरनगरच्या बाजूने झाडीत शिरायचं, की तासाभरात माथा. वर दरवाजाचे आणि पोर्तुगीज काळातल्या बांधकामाचे अवशेष आहेत. १७३९ मध्ये मानाजी आंग्र्यांनी हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. खाली करंजा गावात कोळ्यांची द्रोणागिरी देवी आहे. हनुमान संजीवनीचा डोंगर घेऊन चालला होता, त्यातला तुकडा इथे पडला, अशी इथली श्रद्धा. गंमत म्हणजे ज्या उत्तराखंडातून तो डोंगर उचलला म्हणतात, तिथल्या द्रोणागिरी गावाचा हनुमानावरचा राग अजून गेलेला नाही. तिथे त्याची पूजा करत नाहीत. त्यांचा डोंगर कुणीतरी नेला, आपल्याकडे त्यातला थोडा पडला, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत.

माथ्यावरून एका बाजूला घारापुरी आणि न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनी दिसतात, दुसऱ्या बाजूला करंजाची खाडी. आणि पायथ्यालाच ओएनजीसीचा प्रकल्प. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून इथेच किनाऱ्याला लागतात. गाडीने आलेल्या ट्रेकरने निदान एकदा तरी या बाजूच्या कड्यावर बसून खाली बघावं.

आता हिशेब. दादरहून अटल सेतूमार्गे उरण म्हणजे जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर. लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी पाच लिटर पेट्रोल पिते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तासाभराच्या चढणीसाठी साडेअकरा किलो. टोल एका वेळचा २५० रुपये, परतीसह घेतला तर ३७५. गाडीत चौघं असतील तर आकडे चारने भागावेत, पण रविवारी पुलावरच्या गाड्यांमध्ये डोकावून पाहिलं तर भागाकार बहुतेक वेळा दोननेच करावा लागतो. विजेच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून या पुलावर टोलमाफी आहे. पण पायथ्याशी गाडी उभी करायला जागा लागते ती विजेच्या गाडीलाही तेवढीच. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना पुलावर मज्जाव आहे आणि सायकलचा तर प्रश्नच नाही.

लोकलचा मार्ग नेरूळ किंवा बेलापूरहून. या मार्गावरच्या एका स्थानकाला उद्घाटनाच्या वेळी द्रोणागिरी हेच नाव होतं, त्याला भुलून उतरू नये; किल्ल्यासाठी शेवटच्या उरणपर्यंत जायचं. गाड्या मुख्य मार्गासारख्या चार-चार मिनिटांनी नाहीत, वेळापत्रक खिशात हवं. त्याहून जुना रस्ता पाण्यातला आहे, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच. ती डिझेलवर चालते, धूर सोडते, त्यामुळे तिला पर्यावरणाचं प्रशस्तिपत्र देण्याचं कारण नाही. पण ती आपल्यासाठी निघत नाही. उरणच्या माणसांसाठी निघणारच असते, आपण फक्त बसतो. मोऱ्याला गाळ फार. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबतात. म्हणजे या किल्ल्याला जायचं तर घड्याळाबरोबर तिथीही बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची भरती-ओहोटी करंजाच्या कोळ्याला पाठ असते. आपण ती मोबाइलवर शोधतो.

‘पर्यावरणस्नेही गिर्यारोहण’ हा शब्द हल्ली परिषदांतून ऐकू येतो तेव्हा मला थोडं हसू येतं. महाराष्ट्रातली डोंगरभटकंती जन्मालाच आली ती लोकल आणि एसटीच्या वेळापत्रकातून. कसाऱ्याची शेवटची लोकल, फलाटावर पथाऱ्या, पहाटेची घोटीकडची गाडी. आसनगावला उतरून माहुली, वांगणीला उतरून चंदेरी, लोणावळ्याहून पायी राजमाची. कल्याणहून आळेफाट्याच्या एसटीने माळशेज घाट चढायचा, खुबी फाट्याला उतरायचं आणि धरणाच्या बांधावरून खिरेश्वर गाठायचं, की हरिश्चंद्रगड समोर. नाणेघाटासाठी वैशाखऱ्याला उतरवणारा कंडक्टर न सांगता घंटी मारायचा. पाठीवरची सॅक पाहून त्याला फाटा कळायचा. यात कुणी पर्यावरणाचा विचार केलेला नव्हता. गाडी परवडत नव्हती, एवढंच.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात रात्र काढणारी आणि पहाटे शाळा-बाजाराची माणसं घेऊन परतणारी एसटी. ट्रेकरला याहून सोयीचं वाहन अजून कुणी शोधलेलं नाही: रात्री पायथ्याला पोचा, उजाडायच्या आत चढायला लागा. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’. वर्तुळ देखणं आहे. पण शिवाई शहरातून शहरात जाते, वाडीवर नाही. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपानंतर ताफा आणि फेऱ्या दोन्ही घटल्या. गाड्या कमी पडल्या की आधी कुऱ्हाड पडते ती आडगावच्या फेरीवर. मग गावातली पोरं दुचाकी घेतात, फेरी आणखी रिकामी धावते, आणि आगाराला ती बंद करायला कारण मिळतं. आपण चौघं महिन्यातून एकदा चढून ती वाचणार नाही, हे कबूल. पण आपणही गाडी घेऊन गेलो तर बंद करणाऱ्याच्या बाजूने आणखी एक आकडा पडतो.

पनवेल या बाबतीत नशीबवान आहे. कर्नाळ्याचा सुळका बघायला मुंबई–गोवा महामार्गावरून जाणारी कुठलीही थांबणारी एसटी अभयारण्याच्या दाराशी सोडते. प्रबळगड-कलावंतिणीला ठाकूरवाडीची एसटी. इर्शाळगडाला पनवेल–कर्जत मार्गावरचं चौक स्थानक. या मार्गावर उपनगरी लोकलचं काम सुरू आहे, ते पुरं झालं की माथेरानच्या पश्चिमेकडची सगळी रांग लोकलच्या टप्प्यात येईल. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, ही सवलत किती ट्रेकिंग ग्रुपांच्या जाहिरातीत दिसते? तिथे दिसते खासगी बस. पन्नास माणसं एका गाडीत, म्हणजे दरडोई धूर कमी, हे मान्य. पण ती बस पन्नास जणांना एकाच वेळी कलावंतिणीच्या पायऱ्यांवर सोडते, आणि अशा दहा बस एका रविवारी आल्या की काय होतं ते तिथे गेलेल्याला सांगायला नको. स्टेशनबाहेरच्या सहाआसनीवाल्याला यातला रुपयाही मिळत नाही.

बाहेरच्या जगात डोंगरापर्यंत पोचण्यासाठी वेडेपणाही केला गेलाय. स्वीडनचा गोरान क्रॉप ऑक्टोबर १९९५ मध्ये सामान लादलेल्या सायकलवर घरून निघाला, सुमारे १३ हजार किलोमीटर काटून नेपाळला पोचला आणि २३ मे १९९६ रोजी ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर चढला. त्याच्या उलट टोकाला जो टास्कर आणि डिक रेनशॉ: १९७५ मध्ये इंग्लंडहून जुनी फोर्ड एस्कॉर्ट व्हॅन हाकत ते हिमालयात आले, उत्तराखंडातल्या ७०६६ मीटरच्या द्रोणागिरीसाठी! दोघांत पर्यावरण कुणाच्याच डोक्यात नसावं. एकाला सगळं स्वतःच्या बळावर करायचं होतं, दुसऱ्यांकडे पैसे नव्हते. मला क्रॉपपेक्षा आल्प्समधल्या बस जास्त जवळच्या वाटतात. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पोस्टबस दऱ्याखोऱ्यांतल्या शेवटच्या गावांपर्यंत जाते, म्हणून तिथला गिर्यारोहक एका दरीत उतरून दुसऱ्या दरीतून घरी जाऊ शकतो. गाडीवाल्याला हे जमत नाही, त्याला गाडीपाशी परत यावंच लागतं. आपल्याकडेही घाटवाटांची खरी मजा यातच आहे: वर जुन्नरकडून, खाली मुरबाडकडे.

द्रोणागिरीवरही हे करता येतं. सकाळी उरण लोकलने यायचं, किल्ला पाहून करंजाकडे सरकायचं आणि तिथून लाँचने खाडी ओलांडून रेवसला. पुढे अलिबागची एसटी, सागरगडाची वाट. करंजा–रेवस पुलाचं काम चालू आहे. तो झाला की या लाँचचं काय होणार, हे करंजाच्या धक्क्यावर विचारून बघावं.

आणि ज्यांना पन्नास जणांना घेऊनच जायचं आहे, त्यांच्यासाठी एसटीत ‘प्रासंगिक करार’ नावाची सोय कितीतरी वर्षांपासून आहे. शाळांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनं तिच्यावरच निघतात. आगारात जाऊन अर्ज करायचा, पैसे भरायचे, गाडी दारात येते. त्याच्याही पुढे जाऊन गिर्यारोहण संस्थांनी ठाकूरवाडीसारख्या दोन-तीन वाड्यांसाठी दर रविवारी, ठरलेल्या वेळी, गावकऱ्यांनाही बसता येईल अशी जादा फेरी आगाराकडे मागावी. पनवेल आगार रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.