हाडाने आपलंसं केलेला धातू

पायात काटा मोडला तर शरीर त्याला सुखाने राहू देत नाही. भोवती पू धरतं, काटा वर ढकलतं. परकं काही आत आलं की शरीराची रीत ही. मग कृत्रिम दात लावण्यासाठी जबड्यात बसवलेला धातूचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, वर्षानुवर्षं कसा टिकतो?

1952 च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं खेळतं ते पाहत होते. हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवायची आणि तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने जिवंत मज्जा न्याहाळायची. प्रयोग संपल्यावर ती कुपी काढायला गेले, तर निघेना! हाडाने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. निरीक्षण रक्ताचं होतं, हाती लागलं हाडाचं गुपित.

1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार इम्प्लांट बसवले. लार्सनच्या जबड्यात जन्मापासून दोष होता, धड दात नव्हते. दंतवैद्यकातली बडी मंडळी मात्र कित्येक वर्षं विश्वास ठेवायला तयार नव्हती. त्यांचंही चुकत नव्हतं. तोवरच्या इम्प्लांटभोवती बहुधा मऊ तंतूंचं वेष्टण तयार व्हायचं आणि ते हलायला लागायचे. 1982 साली टोरोंटोत झालेल्या दंतवैद्यक परिषदेनंतर वारं फिरलं. हाड आणि धातूच्या या थेट जुळणीला ब्रोनेमार्कनी नाव दिलं ‘ऑसिओइंटिग्रेशन’.

टायटॅनियमच का? हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा थर धरतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. तो गंजत नाही, विरघळत नाही. शरीराची गाठ पडते ती या थराशी, आतल्या धातूशी नव्हे.

आता जबड्याच्या हाडात डोकावू. डॉक्टर हाडात स्क्रूपेक्षा किंचित अरुंद भोक पाडतात, तेही थंड सलाइनचा फवारा मारत. कारण हाड साधारण 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं, तरी त्याला इजा होऊ शकते. स्क्रू पिळून बसवला की पहिला भिडतो तो रक्ताला. रक्त गोठतं, तंतूंची जाळी विणली जाते आणि तिच्या आधाराने हाड घडवणाऱ्या पेशी सरकत सरकत धातूपाशी येतात. थोड्याच दिवसांत त्या कच्चं, घाईघाईने विणलेलं हाड घालू लागतात. पुढे काही महिन्यांत ते मोडून त्याजागी पक्कं, थरांचं हाड येतं. घर बांधताना आधी परांची उभी करावी, तसंच हे.

त्याच वेळी एक उलटं कामही चालू असतं. आट्यांच्या दाबाखाली चेपलेलं जुनं हाड शरीर खाऊन टाकतं. म्हणजे स्क्रू ज्याच्या जोरावर घट्ट होता तो आधार कमी होत जातो आणि नवं हाड अजून कोवळं असतं. म्हणूनच पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास स्क्रूची पकड सैल असू शकते. मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. टाके निघालेले असतात, सूज उतरलेली असते, दुखत काही नसतं. माणसाला वाटतं, झालं, आता भाकरी चावू! पण या काळात स्क्रू दीडशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा, जरी वारंवार हलत राहिला, तरी हाडाऐवजी मऊ तंतू भरण्याचा धोका असतो. ब्रोनेमार्क खालच्या जबड्याला तीन महिने आणि मऊसर वरच्या जबड्याला सहा महिने थांबायचे. आता खडबडीत केलेल्या पृष्ठभागामुळे हा काळ बराच घटला आहे, काहींना लगेच तात्पुरता दातही लावता येतो. पण ते हाड पाहून डॉक्टरांनी ठरवायचं.

जुळणी झाली की इम्प्लांटवर हलकं ठोकल्यावर स्वच्छ, टणक आवाज येतो. आपल्या दाताभोवती मऊ तंतूंची गादी असते, तशी इथे नसते. त्यामुळे खडा चावला गेल्याची जाणीव तितकी तीक्ष्ण नसते. इम्प्लांटवरच्या दाताला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला जंतुसंसर्ग होऊ शकतो; मग हाड झिजतं आणि बऱ्याचदा दुखतही नाही. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह हे दोन्ही हाडाच्या या कामात आडवे येतात. तेव्हा सिगारेट ओढत असाल तर शस्त्रक्रियेआधीच सोडा, साखर आटोक्यात आणा आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत फराळाची चकली दुसऱ्या बाजूनेच चावा.

योस्टा लार्सन 2006 साली गेले. एक्केचाळीस वर्षांपूर्वी बसवलेले त्यांचे इम्प्लांट तेव्हाही काम करत होते.