डायलिसिस सुटलं, मग पुढे?

आमच्याकडे कोकणात जुलै म्हणजे लावणीचे दिवस. बायका सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून भात लावतात आणि त्याच दिवसांत माझ्या लॅबच्या पायरीवर तापाच्या रुग्णांची रांग लागते. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो. उंदराच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक जणी बऱ्या होतात. काहींच्या किडन्या मात्र दोन-चार दिवसांत काम टाकून देतात. डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, आणि मग रात्री-अपरात्री गाडी करून जिल्ह्याच्या गावी डायलिसिससाठी पळापळ!

लेप्टो हे काही एकच कारण नव्हे. घोणस किंवा फुरसं चावलं, बाळंतपणात फार रक्त गेलं, गरोदरपणात बीपी वाढून झटके आले, गर्भपातानंतर आत जंतुसंसर्ग झाला, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं, तरी हेच होऊ शकतं. डॉक्टरी भाषेत याला ‘अक्यूट किडनी इन्ज्युरी’ म्हणतात. आम्ही शिकत होतो तेव्हा ‘अक्यूट रीनल फेल्युअर’ हे नाव होतं. २००४ नंतर ते हळूहळू मागे पडलं. किडनी पार ‘फेल’ होण्याची वाट कशाला बघायची, त्याआधीची इजाही मोजायला हवी, असा त्यामागचा विचार.

त्या वेळी आम्हाला आणखीही एक गोष्ट शिकवली होती. अशा दुखण्यातून माणूस वाचला, की त्याची किडनी पूर्ववत होते. डायलिसिस सुटलं, लघवी सुरू झाली, विषय संपला! ही समजूत आता टिकलेली नाही. २०१२ साली १३ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा असं दिसलं, की ज्यांच्या किडनीला असा अचानक मार बसला होता त्यांना पुढे किडनीचा कायमचा, म्हणजे ‘क्रॉनिक’ आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा आठ-नऊ पटींनी जास्त होता. कायमचं डायलिसिस लागण्याचा धोका तिप्पट.

असं का व्हावं? प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. जन्मानंतर त्यांत एकाचीही भर पडत नाही. अचानक मार बसतो तो मुख्यतः गाळणीला जोडलेल्या बारीक नळीच्या अस्तराला. हे अस्तर पुन्हा उगवतं, म्हणून तर लघवी पुन्हा सुरू होते. पण काही जागी दुरुस्ती अर्धवट राहते, आत सूज धुमसत राहते आणि तिथे व्रण धरतो. त्या गाळण्या गेल्या त्या गेल्याच. उरलेल्यांवर त्यांचंही काम पडतं. घरातली एक बाई अंथरुणाला खिळली की दुसरी तिच्या वाटचंही ओढते ना, तसंच. काही वर्षं सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं, मग ती दुसरीही थकते. आणि या सगळ्यात दुखत-खुपत काहीच नाही. लघवीसुद्धा छान होत असते.

आता मुद्द्याचा प्रश्न. बऱ्या होऊन घरी गेलेल्या दहा जणींतली कोणती पुढे या वाटेने जाणार, हे आधी कसं ओळखायचं?

आपण सगळे भरवसा ठेवतो तो क्रिएटिनिनवर. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज हा आकडा छापते आणि रोज त्याच्यावर थोडी चिडतेही. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये आणि बाहेर टाकलं जातं किडनीतून. म्हणजे रक्तातला आकडा किडनीवर जसा अवलंबून, तसा अंगावर मांस किती यावरही. ३६ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ आलं, तर सध्याच्या सूत्रानुसार त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता येते साधारण ८९. त्याच वयाच्या बाईचं तेच १.१ असेल तर ती येते साधारण ६७! रिपोर्टवर दोघांपुढेही ‘नॉर्मल’च असू शकतं. त्यातून बाई महिनाभराच्या दुखण्याने वाळून काटकी झालेली असेल, तर स्नायूच झिजल्यामुळे तिचं क्रिएटिनिन आणखी खाली येतं आणि किडनी आहे त्याहून चांगली भासते. सडपातळ, अशक्त बायकांना हा आकडा फसवतो तो असा.

अशी एक बाई माझ्या चांगली लक्षात आहे. वय ३६, वजन ३९ किलो. लेप्टो झाला, चार वेळा डायलिसिस झालं. महिन्याने क्रिएटिनिन आलं १.१. घरच्यांनी पेढे वाटले. त्यानंतर ती आली ती थेट नोव्हेंबरात, तेही सासूबाईंची शुगर तपासायला. मी म्हटलं, “तुमचं पुन्हा काही तपासलं का?” तर हसली. “मला काय झालंय आता मॅडम? सगळी कापणी उरकली की मी!” संध्याकाळी पाठ दुखते म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली एक गोळी ती रोज घेत होती, हेही बोलता बोलता कळलं. तिच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून लघवी तपासली. लघवीतलं अल्ब्युमिन निघालं ४१०. ते ३०च्या आत असायला हवं. बीपी पाहिलं तर १५० वर ९६. सासूबाईंची शुगर मात्र उत्तम होती.

जगभर या प्रश्नावर खूप संशोधन चालू आहे. रक्तात किंवा लघवीत सापडणाऱ्या अशा सूचक पदार्थांना ‘बायोमार्कर’ म्हणतात. २००५ साली अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांमध्ये ‘एनगॅल’ नावाचं प्रथिन तपासलं गेलं. क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागले. एनगॅलने दोन तासांतच वर्दी दिली! ‘किम-१’ नावाचं आणखी एक प्रथिन आहे. नळीच्या अस्तराला इजा झाली की ते लघवीत उतरतं. अशाच दोन प्रथिनांवर आधारलेल्या एका चाचणीला अमेरिकेत २०१४ साली मान्यताही मिळाली. लॅबवाली म्हणून मला या सगळ्याचं कौतुक आहेच. पण या बहुतेक चाचण्या ‘आत्ता आग लागली आहे का’ एवढंच सांगतात. एनगॅल तर साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गातही वाढतं. आपल्याला हवंय ते निराळंच. आग विझल्यावर राखेखाली निखारा उरलाय का?

त्यासाठीही काही प्रथिनं पुढे येत आहेत. ‘एमसीपी-१’ हे सुजेला आवतण देणारं. ते लघवीत वाढत राहिलं तर लक्षण ठीक नाही. ‘युरोमोड्युलिन’ उलट चांगलं. धडधाकट नळ्याच ते बनवतात, त्यामुळे ते भरपूर असलेलं बरं. अजून तरी हे सगळं संशोधनाच्या टेबलावर आहे, तुमच्या-माझ्या लॅबमध्ये नाही. ‘सिस्टॅटिन सी’ ही रक्तचाचणी मात्र आता शहरांतून होते. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसल्यामुळे वाळलेल्या बाईच्या किडनीचा अंदाज क्रिएटिनिनपेक्षा खरा देते. थोडी महाग आहे, पण शंका असेल तिथे डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणि आता गंमत ऐका. उत्तर अमेरिकेत १५३८ रुग्णांना वर्षानुवर्षं डोळ्यांखाली ठेवून एक मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना हॉस्पिटलात असताना किडनीची इजा झाली होती, निम्म्यांना नव्हती. २०२० साली निष्कर्ष आले. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी लघवीत अल्ब्युमिन किती जातंय, हा पुढचं भविष्य सांगणारा फार पक्का आकडा ठरला. तो दुप्पट झाला की धोका साधारण दीडपट. इतक्या नव्या नव्या प्रथिनांच्या गर्दीत उजवी ठरली ती ही जुनी, स्वस्त, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होणारी लघवीची चाचणी! तिकडचे रुग्ण आणि आपल्या लावणीतल्या तरुण बायका सारख्या नव्हेत, हे खरं. पण ही तपासणी करायला त्याने अडत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही २०१२पासून लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तीन महिन्यांनी कोण जातं? पुरुषाला बायको आठवण करते, मुलांना आई. बाईचं ‘बरं वाटतंय’ हेच तिचं सर्टिफिकेट!

चाचणीचं नाव आहे ‘युरीन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’. सकाळची पहिली लघवी द्यावी. पाळी चालू असताना, ताप किंवा लघवीला जळजळ असताना देऊ नये, आकडा उगाच वाढून येतो. जास्त आला तर घाबरून न जाता पुन्हा एकदा तपासून खात्री करावी. सोबत क्रिएटिनिन आणि बीपी. पट्टी बुडवून केलेल्या साध्या तपासणीवर विसंबू नका, थोडं अल्ब्युमिन तिला दिसत नाही. आणि अंगदुखीच्या गोळ्या, कुठल्यातरी वैदूची भस्मं परस्पर घेणं बंद. अल्ब्युमिन जात असेल तर ते कमी करणारी बीपीची औषधं आहेत. मुळात मधुमेहासाठी आलेल्या काही गोळ्या मधुमेह नसलेल्यांच्या किडनीलाही जपतात, हेही २०२०च्या सुमाराला सिद्ध झालंय. पण ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. दिवस जाण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

गरोदरपणावरून आणखी एक सांगते, कारण हे फारच थोड्या जणींना माहीत असतं. बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, किडनीच्या इजेतून पूर्ण बऱ्या झालेल्या १०५ बायकांची पुढची बाळंतपणं पाहिली गेली. त्यांच्यात बीपी वाढून होणारा ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ २३ टक्के जणींना झाला. इतर बायकांत हे प्रमाण ४ टक्के होतं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. क्रिएटिनिन नॉर्मल झालेल्या बायकांची ही गोष्ट आहे, बरं का! गरोदरपणात किडनीवर कामाचा बोजा वाढतो आणि आतली उणीव नेमकी तेव्हा उघडी पडते. आधी ठाऊक असेल तर बीपीवर नजर ठेवता येते, गरज वाटली तर स्त्रीरोगतज्ज्ञ ॲस्पिरिनची छोटी मात्राही देतात.

पण ठाऊक असणार कसं? गेल्या उन्हाळ्यात एक आई आपल्या चोवीस वर्षांच्या लेकीला घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी मुलीला घोणस चावली होती, दोनदा डायलिसिस झालं होतं. आता लग्न ठरत होतं. आईने डिस्चार्ज कार्ड पर्समधून काढलं खरं, पण आवाज खाली आणून म्हणाली, “तपासा, पण त्या दुखण्याचं रिपोर्टवर काही लिहू नका हं. आम्ही हे कार्डसुद्धा आता फाडूनच टाकणार आहोत. मुलीच्या जातीला कशाला डाग?” मला राग आला, आणि तिची भीतीही समजली. सासरी काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं, मी त्यात पडले नाही. एवढंच म्हटलं, की उद्या दिवस राहिले तर तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवावंच लागेल.

मुलीचं अल्ब्युमिन १२ आलं, अगदी छान. आई रिपोर्टचे पैसे द्यायला काउंटरवर गेली, तेवढ्यात मुलीने टेबलावरचं ते कार्ड सरळ केलं, मोबाइलने त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि काही न बोलता ते पुन्हा आईच्या पर्समध्ये ठेवून दिलं.