लाकडाच्या पोटातील गोळ्या

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १२ मे १८६४ रोजी, व्हर्जिनिया राज्यातील स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे आणि दक्षिणेचे सैनिक एका मातीच्या बांधाच्या दोन्ही अंगांना भर पावसात सुमारे २० तास झुंजत होते. बांधापाशी एक ओक वृक्ष उभा होता. त्याच्या खोडाचा व्यास २२ इंच. तो पडला तो तोफेने नव्हे, बंदुकीच्या गोळ्यांनी. गोळ्यांच्या माऱ्याने खोड कुरतडले जाता जाता मध्यरात्रीच्या सुमारास वृक्ष कोसळला आणि त्याखाली सापडून दक्षिण कॅरोलिनाच्या पलटणीतील काही शिपाई जखमी झाले. त्याचा उरलेला बुंधा पुढे जनरल नेल्सन माइल्स यांनी सैन्याच्या शस्त्रसंग्रहालयास दिला. तेथून १८८८ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आला, आणि आजही तो तिच्या संग्रहात आहे.

रणभूमीवरील असे गोळ्याबिद्ध लाकूड जमवण्याचा छंद अमेरिकेत त्या युद्धाइतकाच जुना आहे. गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत दोन्ही पक्षांचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. तेथील कल्प्स हिल नावाच्या टेकडीवरची झाडे गोळ्यांनी इतकी चाळण झाली होती, की त्यांतील पुष्कळशी पुढे वठून गेली. ती पाहण्यासाठी प्रवासी येत. जाताना कोणी सालीचा तुकडा नेई, तर कोणी गोळीसह ओंडकाच कापून नेई.

लाकडात गोळी टिकते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या युद्धातील बहुतेक गोळ्या मऊ शिशाच्या, निमुळत्या टोकाच्या आणि बुडाशी पोकळ अशा होत्या. वजन सुमारे ३० ग्रॅम. शिसे मऊ असल्यामुळे लाकडावर आपटताच गोळी चेपते, फुलते आणि तंतूंत रुतून बसते. झाडाची जखम मात्र आपल्या अंगावरील जखमेप्रमाणे बरी होत नाही. वृक्ष दुखावलेला भाग आतल्या आत कोंडून टाकतो आणि त्यावरून दरवर्षी नव्या लाकडाचे एकेक वलय चढवीत जातो. काही वर्षांत भोक बुजते आणि बाहेर साल जुळून येते. झाडाची उंची वाढते ती शेंड्याकडे, म्हणून गोळी जेथे शिरली त्याच उंचीवर राहते. ती शंभर वर्षांनी छातीच्या उंचीवर सापडली, तर नेमही छातीवरच धरलेला असावा, असा तर्क करता येतो.

म्हणजे असा ओंडका हा एक दस्तऐवज होय. गोळीवरची वलये मोजली की ती किती वर्षांपूर्वी लागली हे कळते, आणि झाडाची कोणती बाजू फुटली यावरून मारा कोणीकडून झाला तेही. मात्र त्यासाठी झाड कोठे उभे होते, हे ठाऊक हवे. ओंडका कापून बाजारात गेला, की ही सारी साक्ष नाहीशी होते आणि उरते ते शिसे लागलेले सरपण. बहुतेक हौशी संग्राहकांच्या हे ध्यानातच आले नाही, आणि ज्यांच्या आले त्यांनीही करवत खाली ठेवली नाही.

मागणी आली तसे भामटेही आले. जुन्या लाकडात भोक पाडून त्यात गोळी ठोकायची आणि ‘गेटिसबर्गची’ म्हणून विकायची, हा धंदा जुनाच. खऱ्या नमुन्यात तंतू गोळीच्या वाटेने आत दबलेले असतात आणि कडेने नव्या लाकडाची जाड गुंडाळी चढलेली दिसते. गिरमिटाने पाडलेल्या भोकाच्या कडा साफ असतात, आणि ठोकलेल्या गोळीच्या बुडावर हातोड्याची खूण राहते. मात्र झाडाने पूर्ण गिळलेल्या गोळीची नक्कल करणे फार अवघड. त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागेल, आणि भामट्यास तेवढा धीर कोठला?

जपणुकीत एक विलक्षण अडचण आहे. ओकच्या लाकडातून अॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, वाफ मंदपणे सुटत असते. बंद कपाटात ती साचली की शिशावर पांढरी भुकटी धरते. पूर्वी रंगासाठी सफेदा करत, तो याच रीतीने, शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून. ज्या लाकडाने गोळी शतकभर सांभाळली, तेच तिला काचेच्या पेटीत खाऊ लागते! म्हणून संग्रहालयांत असे नमुने हवा खेळती आणि कोरडी ठेवून जपतात.

आज अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील रणभूमीवरून काहीही उचलणे वा धातुशोधक यंत्र फिरवणे हा गुन्हा आहे, आणि १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने शिक्षाही कडक केली. तरीही झाडे आपल्या वेळेने पोट उघडतातच. २०११ सालच्या ऑगस्टमध्ये कल्प्स हिलवर उन्मळून पडलेला एक ओक उद्यानाचे कामगार कापत असता करवत धातूवर घासली. लाकडात दोन गोळ्या होत्या. तेवढा भाग वेगळा काढून, कीड मारण्याची प्रक्रिया करून, उद्यानाच्या संग्रहात ठेवण्यात आला, आणि झाड कोठे पडले होते त्याची नोंदही त्याबरोबर राहिली.